डाव्या बाजूचं माप

बाईच्या अंगाचं माप मला नजरेनंच कळतं, असा माझा तोरा होता. लातुरात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. बाई पायरी चढून आत येईपर्यंत तिची छाती किती, बाहीचा मुंढा किती आणि कुठला खांदा उतरलेला आहे, हे मी मनात टिपून ठेवलेलं असतं. तरी रिवाज म्हणून मापाचा ब्लाउज मागून घेते, कारण बायका टेपला लाजतात, जुन्या ब्लाउजाला लाजत नाहीत. आक्काचा मापाचा ब्लाउज तर कायम माझ्याकडेच असायचा. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. नांदेडला राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. त्या एका जांभळ्या ब्लाउजावरून मी वीस वर्षं तिचे ब्लाउज बेतले. तिच्या अंगाला टेप लावायची वेळ कधी आली नाही.

संक्रांतीचं वाण लुटून झालं आणि तिचा फोन आला. डाव्या बाजूला गाठ लागते आहे, दुखत नाही म्हणून इतके दिवस बोलले नाही, असं ती म्हणाली. मी फोनवरच तिच्यावर ओरडले. हा माझा जुना रोग आहे. भीती वाटली की मी आधी ओरडते आणि रडते नंतर. आठ-दहा दिवसांत तपासण्या झाल्या, कॅन्सर निघाला. आधी किमो, मग ऑपरेशन, मग शेक, असा क्रम डॉक्टरांनी लावून दिला. शेक म्हणजे रेडिएशन, पण आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात. किमो नांदेडला सुरू झाली.

घरात मात्र रोगापेक्षा वेगळ्याच गोष्टीची धास्ती होती. आक्काच्या मुलीचं लग्न जुळत आलं होतं. कंधारकडचं स्थळ, मुलगा नोकरीला, माणसं साधी. आईला हा रोग आहे म्हणजे उद्या पोरीलाही होणार, एवढं एक वाक्य कुणी त्यांच्या कानावर घातलं की बैठक मोडली असती. म्हणून मीच फर्मान काढलं की कुणालाच सांगायचं नाही. केस गेले तेव्हा टायफॉइड झाला होता म्हणून सांगितलं. टायफॉइडनं केस जातात हे आमच्याकडे सगळ्यांना पटतं, पुढे कुणी विचारत नाही. साखरपुड्याला आक्का केसांचा टोप घालून आणि त्यावर पदर ओढून बसली. होणाऱ्या विहीणबाईंनी तिला कुंकू लावलं, पण पदर जरासुद्धा मागे सारला नाही. मला वाटलं, निभावलं.

खरी परीक्षा हळदीला होती. दाजींचं, म्हणजे आक्काच्या नवऱ्याचं गाव हिमायतनगरकडे. लग्न नांदेडच्या कार्यालयात ठरलं, तरी हळद गावात, भावकीसमोरच व्हायची. अंगणात चार कोपऱ्यांना चार तांबे ठेवायचे, त्यांच्याभोवती सूत गुंडाळायचं आणि मधे पाटांवर नवरी आणि तिचे आईबाप बसवायचे. पाच सुवासिनी आधी हळद लावतात, मग तांब्यांनी पाणी घालून न्हाऊ घालतात. ओलं लुगडं अंगाला चिकटतं. भावकीतल्या झाडून सगळ्या बायका भोवती उभ्या असतात आणि ओले कपडे तिथंच पदराच्या आडोशाला बदलायचे असतात. छातीची एक बाजू सपाट घेऊन नवरीची आई त्या पाटावर बसली, तर गावभर व्हायला दुपारही लागली नसती. मशीनवर बसले तरी मला तेच दिसायचं.

म्हणून स्तन काढल्यावर तिथं नवीन काही बसवता येतं का, याची चौकशी मी सुरू केली. पहिल्यांदा नांदेडच्या सर्जनना भेटलो. वयस्कर, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी रिपोर्टच्या मागे पेन्सिलीनं चित्र काढून दाखवलं. "दोन टप्प्यांत करू. ऑपरेशनच्या वेळी आत एक रिकामी पिशवी ठेवायची. दर थोड्या दिवसांनी तिच्यात सुईनं मिठाचं पाणी भरायचं, म्हणजे कातडी हळूहळू ताणते. शेक संपला, कातडी सावरली, की काही महिन्यांनी ती पिशवी काढून सिलिकॉनचा कायमचा इम्प्लांट बसवायचा." आक्काला शेक लागणारच आहे, तेव्हा घाई करू नये, असं त्यांचं मत होतं. मी महिने मोजले. दुसरं ऑपरेशन लग्नाच्या पुढे जात होतं.

"तवर ते कसं दिसंल?" मी विचारलं.

"घट्ट, थोडं वर चढलेलं. ती तात्पुरती सोय असते."

तात्पुरती सोय मला नको होती. मी आक्काला घेऊन लातूरच्या सर्जनकडे गेले. हे वयानं लहान, उत्साही. ते म्हणाले, एकाच वेळीही करता येतं. स्तन काढायचा, वरची कातडी राखायची आणि त्याच टेबलावर इम्प्लांट बसवायचा. तो छातीच्या स्नायूखाली ठेवता येतो, नाहीतर स्नायूच्या वर, जाळीत गुंडाळून. खाली ठेवला तर वरून पांघरूण जाड मिळतं, पण छाती आवळल्यासारखी वाटते आणि हातानं जोर लावला की तो हलतो. वर ठेवला तर दुखणं कमी, हात लवकर मोकळा होतो, आकारही बरा येतो. मात्र कातडी पातळ असली तर कडा हाताला लागतात आणि जखमेला आधार कमी राहतो. मला हे चटकन समजलं. "म्हंजे एक अस्तराचा आन् एक बिनअस्तराचा," मी म्हणाले. डॉक्टर मनापासून हसले.

हसून झाल्यावर त्यांनी पुढचंही सांगितलं. शेक दिल्यावर इम्प्लांटभोवती कडकपणा येतो, जखम भरायला त्रास होतो, आत जंतू गेले तर इम्प्लांट काढावा लागतो, आणि एकाच वेळी केलं तर हा धोका आणखी धरावा लागेल. त्यांनी काहीही लपवलं नाही, हे मला आज मुद्दाम लिहायचं आहे. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं, कारण माझं ठरलेलं होतं.

"मग ताई, तुम्हाला काय हवंय?" त्यांनी आक्काला विचारलं.

आक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"एकाच येळी करा," मी म्हणाले.

"मी त्यांना विचारलं."

"तिचं आन् माझं एकच हाय," मी म्हणाले. "आन् वरच्या बाजूनं करा. तिला फळ्यावर लिहायला हात उचलावा लागतो." माझं किती लक्ष आहे तिच्याकडे, याचा मला त्या क्षणी अभिमानच वाटला.

बाहेर बसस्टँडवर नांदेडच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. दाजीही सोबत आले होते, पण दवाखान्यात बाहेरच थांबले होते; ते आता उसाचा रस आणायला गेले. आक्का एकदम म्हणाली, "तू मला कापसाचं शिवून दे की गं. ब्लाउजच्या आतून. कशाला आणखीन चिरफाड?"

"आन् हळदीच्या पाण्यानं कापूस भिजल्यावर? लोंबंल की खाली."

"मग हळदीला मी बसत न्हाई. तब्येत बरी न्हाई म्हणू."

"नवरीची आई पाटावर बसली न्हाई तर लोक काय म्हणतेत? उलट लई बोभाटा होतो. तू गप बस, मी हाय न्हवं."

ती गप्प बसली. लहानपणापासून ती अशीच. थोरली ती, पण बाजारात भाव करायला मी, भांडायला मी, आणि पाहुण्यांनी काही विचारलं की उत्तर द्यायलाही मीच. दाजी रस घेऊन आले, त्यांनी काय ठरलं ते विचारलं. मी सांगितलं. ते बरं म्हणाले आणि ग्लास आमच्या हातात दिले.

किमो संपल्यावर लातुरात ऑपरेशन नीट पार पडलं. शेकासाठी आक्का माझ्याकडेच राहिली. सकाळी दवाखान्यातून आलो की ती दुकानात खुर्चीवर बसायची आणि माझ्या ब्लाउजांना हुक लावून द्यायची. तिचे टाके माझ्यापेक्षा बारीक यायचे. गिऱ्हाईक बायका विचारायच्या, या कोण? मी म्हणायचे, माझी आक्का, टायफॉइड होऊन गेला, आराम करायला आली आहे. आक्का मान खाली घालून हुक लावायची. आमच्या आयुष्यात आम्ही दोघी सलग इतके दिवस एकत्र राहिलो ते तेवढेच, आणि खरं सांगायचं तर मला ते दिवस आवडले. त्याची आता लाज वाटते.

शेकानं तिची डावी बाजू रापली, इस्त्री जास्त वेळ राहिलेल्या सुती कापडासारखी. इम्प्लांट घट्ट झाला आणि उजव्यापेक्षा वर दिसू लागला. लग्नाच्या ब्लाउजासाठी टेप लावते म्हटलं, तर तिनं हात आडवा धरला. तिला तिथं कुणाचा हात नको होता. मग मी जांभळा ब्लाउजच समोर घेतला आणि नजरेनं फरक धरून उजवीकडचा टक्स, म्हणजे छातीची चुणी, वेगळा, डावीकडचा वेगळा घातला. ब्लाउज अंगात घालून ती आरशासमोर उभी राहिली तेव्हा कोणती बाजू खरी हे मलाही सांगता आलं नसतं. मी टाळी वाजवली. ती आरशात बघत म्हणाली, "दिसायला बरं हाय. पण मला तिथं काहीच लागंना गं. माझं न्हाईच वाटंना ते."

"लागंल हळूहळू," मी म्हणाले.

लग्नाला आठवडा राहिला होता. मी मदतीला नांदेडला गेले होते. आक्कानं मला आतल्या खोलीत बोलावून ब्लाउज वर केला. ऑपरेशनच्या खालच्या शिवणीजवळ ज्वारीच्या दाण्याएवढी जागा ओली झाली होती. दुखत नव्हती. मी लातूरच्या दवाखान्यात फोन लावला. तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, कोरडं ठेवा, पट्टी लावा, अजिबात पाणी लागू देऊ नका आणि उद्याच्या उद्या दाखवायला या. उद्या बांगड्या भरायच्या होत्या, परवा आहेराची बांधाबांध होती. लातूरला जाऊन यायचं म्हणजे सबंध दिवस मोडला असता, आणि घरभर माणसं, कुणाला काय सांगून निघायचं?

"लग्न झालं की दुसऱ्या दिवशी जाऊ," मी म्हणाले.

"पाणी लागू देऊ नका म्हणल्या न्हवं त्या?" आक्का म्हणाली. "आन् हळद?"

"वर प्लास्टिक चिकटवू. आन् हळदच हाय की. आपल्याकडं काही कापलं तर काय लावतेत? हळदीनं उलट भरून निघंल."

हे मी बोलले. दुसऱ्या कुणी नाही. आई आम्हाला खरचटलं की चिमूटभर हळद दाबायची आणि रक्त थांबायचं, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं की शिकलेल्या डॉक्टरांचं बोलणं त्याच्यापुढे टिकलं नाही.

हळदीच्या दिवशी सकाळी गावात ऊन छान होतं. आक्का पाटावर बसली, शेजारी भाची, पलीकडे दाजी. बायकांनी हळद लावली, गाणी म्हटली, कुणीतरी दाजींच्या कानातसुद्धा हळद भरली आणि ते लाजले. मग पाणी घातलं. हौदातलं पाणी, गार. आक्का थरथरली, पण हसत होती. ओलं लुगडं अंगाला चिकटलं आणि मी सगळ्या बायकांच्या तोंडांकडे बघत होते, आक्काकडे नव्हे. कुणाच्या भुवया वर गेल्या नाहीत. कुणी कुणाला कोपर मारलं नाही. माझा जीव भांड्यात पडला.

कपडे बदलताना आडोसा मी धरला. तिनं ओला ब्लाउज काढला तेव्हा प्लास्टिक एका कडेनं सुटलेलं दिसलं. आतली पट्टी पूर्ण पिवळी झाली होती. आक्कानं ती बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मी पटकन कोरडी पट्टी तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "चल, बायका खोळंबल्यात."

लग्न छान झालं. भाची सासरी गेली. तिसऱ्या दिवशी मांडव सोडवत होते तेव्हा आक्काला थंडी भरून आली. छाती लालभडक झाली होती आणि त्या दाण्याएवढ्या जागेतून पाणी येत होतं. गाडी करून लातूरला नेलं. डॉक्टरांनी बघितलं आणि खुर्चीत मागे टेकून बसले. इम्प्लांट काढावाच लागला. मी त्यांना हळदीचं, पाण्याचं सगळं सांगितलं. त्यांनी रागवावं अशी माझी फार इच्छा होती. ते म्हणाले, "शेक दिलेली कातडी होती, कदाचित हे असंही झालं असतं. पण पाणी लागायला नको होतं." त्यातलं पहिलं वाक्य दाजींनी धरून ठेवलं. मी दुसरं.

दवाखान्यात चौथ्या दिवशी विहीणबाई आल्या. कंधारहून बसनं, एकट्याच, डब्यात भाकरी आणि मुगाची पातळ आमटी घेऊन. मी घाईघाईनं म्हणाले, "पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तिचं."

त्या पलंगाच्या कडेला बसल्या. आक्काचा हात हातात घेतला. "बाई, असू द्या आता," त्या मला म्हणाल्या. "आम्हाला साखरपुड्याच्या आधीच ठावं होतं. आमच्या गल्लीतली एक बाई ह्यांच्याच खोलीत किमोला बसायची. तिनं वळखलं."

"मग बोलला न्हाईत तुम्ही?" मी विचारलं.

"तुम्ही झाकून राहिला होता. म्हणलं, झाकू द्यावं. आजार हाय, चोरी न्हाई. पोरगी आम्हाला आवडली होती." मग आक्काच्या छातीवरच्या जाड पट्टीकडे बघत त्या म्हणाल्या, "जखमंचं मातर ठावं न्हवतं. एक शब्द बोलला असता तर म्या सोता गावाला सांगून धाडलं असतं, नवरीच्या आईवर चार थेंब शिंपडा, झालं. कोण काय म्हणलं असतं?"

साखरपुड्याला त्यांनी पदर मागे का सारला नव्हता, ते मला तेव्हा कळलं. मी बाहेर जिन्यात जाऊन बसले आणि खूप रडले. ज्यांच्यापासून लपवण्यासाठी मी बहिणीच्या अंगात ते बसवून घेतलं, त्यांनाच ते सगळं माहीत होतं, आणि त्याच तिला घोट घोट आमटी पाजत आत बसल्या होत्या.

उन्हाळा लागता लागता जखम बरी झाली. परवा तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, पुढे मागे वाटलं तर पाठीचा स्नायू पुढे घेऊन पुन्हा करता येईल, शेक दिलेल्या जागी ते जास्त टिकतं. "काय हवंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं. सवयीनं माझं तोंड उघडलं होतं. मी ते मिटून घेतलं. आक्का माझ्याकडे बघत होती. तिचं उत्तर मी देईन म्हणून ती थांबली होती, आणि मी बोलत नाही हे तिच्या लक्षात यायला बराच वेळ लागला. मग ती डॉक्टरांना म्हणाली, "नको. हात फळ्यापर्यंत जाऊ द्या फकस्त."

घरी आल्यावर तिनं दुकानाचं दार लोटलं, पडदा ओढला आणि पदर काढून माझ्यासमोर उभी राहिली. "जांभळा ब्लाउज ठेवून दे आता," ती म्हणाली. "नवं माप घे."

गळ्यातली टेप काढताना मला राहवलं नाही. "आक्का, तेव्हा तुला खरं काय पायजे होतं?"

"कापसाचं," ती म्हणाली. "सांगितलं होतं की मी तुला, स्टँडवर."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी टेप तिच्या पाठीमागून फिरवून पुढे आणली. उजवीकडे ती सवयीसारखी वळली आणि डावीकडे बरगड्यांवर सरळ टेकली. त्या बाजूला वीस वर्षांत मी पहिल्यांदा हात लावत होते. माझे डोळे इतके भरले की टेपवरचं काही दिसेना.

"वाच की," आक्का म्हणाली.

मला वाचता येईना. तिनंच मान खाली करून टेप बघितली, माझी मापाची वही ओढून घेतली आणि आपलं माप आपल्या हातानं लिहिलं.